ध्रुवीय हिमातील ऑक्सिजन समस्थानिकांचा नकाशा कसा तयार करावा : मैत्री तळापासून पठारापर्यंत

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील हिमात ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाचे (त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूचे) प्रमाण समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण दर हजारी १५ ते २० ने कमी असते, तर पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर व्होस्टोक तळाजवळ हीच तूट दर हजारी ५७ च्या घरात पोहोचते. याचे कारण असे की जड ऑक्सिजन असलेले पाण्याचे रेणू बाष्पातून आधी सांद्रित होऊन खाली पडतात, आणि हवा जसजशी अधिक थंड प्रदेशाकडे व अधिक उंचीवर सरकते तसतसे तिच्यात उरलेले बाष्प जड रेणूंना पारखे होत जाते. विली डान्सगोर यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या समीकरणात वार्षिक सरासरी तापमानातील एका अंशाच्या बदलामागे या प्रमाणात दर हजारी ०.६९ इतका बदल दिसतो. पुढे वॅलेरी मासाँ-देलमॉत आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अंटार्क्टिकातील हजाराहून अधिक ठिकाणांची मोजमापे एकत्र केली, तेव्हा त्या खंडापुरता हा उतार, म्हणजे एका अंशामागचा बदल, सुमारे ०.८ निघाला.

असा नकाशा हाती असेल तर खोल हिमगाभ्यातील (बर्फात भोक पाडून काढलेल्या उभ्या स्तंभातील) जुन्या मूल्यांचा अर्थ लावता येतो, प्रवाहाबरोबर खाली आलेला बर्फ मुळात कोणत्या उंचीवर साचला असावा याचा अंदाज बांधता येतो आणि समस्थानिकांसह चालणारी हवामान प्रारूपे पारखता येतात. मात्र नकाशावरच्या प्रत्येक बिंदूने कोणत्या काळाची सरासरी दाखवली आहे हे ठरवल्याशिवाय रंग भरायला बसणे व्यर्थ आहे. पुढील बहुतेक पायऱ्या शेवटी याच एका प्रश्नापाशी येऊन थांबतात.

उदाहरणासाठी मध्य ड्रॉनिंग मॉड लँड हा भाग घेऊ. भारताचा मैत्री तळ १९८९ पासून येथील शिर्माखर ओॲसिस या बर्फमुक्त खडकाळ भागात, ७०°४६′ दक्षिण अक्षांश आणि ११°४४′ पूर्व रेखांशावर आहे. तळाच्या उत्तरेस निव्हलिसेन हा तरंगता हिममंच, दक्षिणेस वोल्टाट पर्वतरांगा आणि त्यांच्यापलीकडे साधारण ३००० मीटरच्या घरातले पठार, असा समस्थानिकांच्या दृष्टीने तीव्र उतार येथे थोड्याच अंतरात मिळतो. पश्चिमेस ७५° दक्षिण अक्षांशावर, २८९२ मीटर उंचीवर जर्मनीचा कोहनेन तळ असल्यामुळे पठाराच्या बाजूची तुलनाही करता येते.

पायरी १ : ‘पृष्ठभागावरचे हिम’ म्हणजे किती खोलीचे, हे ठरवा

जुन्या नोंदींमध्ये ‘पृष्ठभाग’ म्हणून वरचे २ सेंटिमीटर, १ मीटरचा खड्डा आणि १० मीटरचा गाभा असे तिन्ही प्रकार एकाच रकान्यात आढळतात. नकाशातील निम्म्या विसंगती येथूनच सुरू होतात, असे माझे मत आहे. उन्हाळी आणि हिवाळी हिमाच्या मूल्यांत दर हजारी १० किंवा त्याहूनही अधिक अंतर असू शकते. त्यामुळे जानेवारीत वरचा पापुद्रा खरवडून घेतला तर हाती येते ती अलीकडच्या काही हिमवृष्टींची किंवा वाऱ्याने कुठून तरी आणून टाकलेल्या हिमाची नोंद, त्या जागेची वार्षिक सरासरी नव्हे.

सर्वत्र सारखीच खोली घ्यायची, हा उपाय नीटस वाटतो. पण तोही चुकीचा आहे. किनाऱ्याकडच्या एखाद्या जागी वर्षाला ३०० मिलिमीटर पाण्याइतके हिम साचते आणि त्याची घनता दर घनमीटरला ४०० किलोग्रॅम आहे असे धरले, तर १ मीटर खोलीत ४०० मिलिमीटर पाणी, म्हणजे जेमतेम सव्वा वर्ष मावते. कोहनेन येथे वार्षिक संचय सुमारे ६४ मिलिमीटर आहे. तेथे ३४० घनतेच्या १ मीटर हिमात पाच वर्षांहून थोडा अधिक काळ असतो. पठारावरच्याच डोम सी येथे वर्षाला २५ ते ३० मिलिमीटरच साचते, त्यामुळे तेवढ्याच खोलीत दशकभराचे किंवा त्याहून अधिक काळाचे हिम मिळते. म्हणून खोली नव्हे, तर वर्षे समान ठेवावीत. पाच वर्षांची सरासरी हे ध्येय ठरवले तर पठारावर १ मीटरचा खड्डा पुरतो. वर सांगितलेल्या किनारी जागी मात्र पावणेचार मीटर खोल जावे लागते आणि तेथे फावड्याऐवजी हाताने फिरवायचा गिरमिट-गाभायंत्र लागतो.

पायरी २ : उपलब्ध मोजमापे गोळा करून गाळून घ्या

नव्या मोहिमेचे बिंदू ठरवण्यापूर्वी आधीच्या मोजमापांचा एक तक्ता करावा आणि त्यात स्थान, उंची, नमुन्याची खोली, गोळा केल्याचे वर्ष, नमुना किती वर्षांचा आहे, मोजमापाची पद्धत आणि अनिश्चितता यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत. ज्या नोंदीत खोली दिलेली नाही ती काढून टाकू नये, पण तिला कमी वजन द्यावे. फक्त ड्युटेरियमचे (हायड्रोजनच्या जड समस्थानिकाचे) मूल्य दिलेले असेल तर या दोन मूल्यांना जोडणाऱ्या, ८ उताराच्या जागतिक रेषेवरून ऑक्सिजनचे मूल्य काढण्याचा मोह होतो; परंतु पठारावर ड्युटेरियमचे आधिक्य (त्याची व्याख्या पायरी ६ मध्ये आहे) किनाऱ्यापेक्षा बरेच मोठे असल्यामुळे ही रेषा तेथे दर हजारी १ पर्यंतचा पद्धतशीर दोष घुसवू शकते. अशा रूपांतरित नोंदींवर वेगळी खूण असावी.

हे बिंदू नकाशावर मांडले की ते वाहनांच्या वाटांवर माळेसारखे ओवलेले आणि मधले प्रदेश रिकामे दिसतात. संपूर्ण खंडाचे चित्र तसेच आहे. मोजमापांचा मोठा हिस्सा पूर्व अंटार्क्टिकाच्या काही ठरावीक पट्ट्यांत एकवटलेला आहे. नवीन नमुने या रिकाम्या जागांसाठी राखून ठेवावेत.

पायरी ३ : बिंदूंची आखणी

समान किलोमीटरवर बिंदू घेण्यापेक्षा समान उंचीफरकावर घेतलेले अधिक उपयोगी पडतात. किनाऱ्याजवळ उतार तीव्र असल्याने प्रत्येक १०० मीटर उंचीला एक बिंदू ठेवल्यास तेथे बिंदू आपोआप दाट होतात आणि सपाट पठारावर विरळ. पठारावर दोन बिंदूंमधील अंतर मात्र २५ ते ३० किलोमीटरहून जास्त होऊ देऊ नये, कारण तेथे उंची बदलत नसली तरी समुद्रापासूनचे अंतर आणि वाऱ्याचा परिणाम बदलत असतो.

या भागात दोन प्रकारच्या जागा कटाक्षाने टाळाव्यात. शिर्माखरच्या परिसरात आणि दक्षिणेकडच्या डोंगरांच्या आसपास निळ्या बर्फाची मैदाने आहेत, जेथे वारा आणि बाष्पीभवन यांमुळे हिम टिकतच नाही आणि खालचा जुना बर्फ उघडा पडतो. त्या बर्फाचे मूल्य आजच्या हवामानाबद्दल काहीच सांगत नाही. दुसरा धोका निव्हलिसेनवर आहे. तेथे उन्हाळ्यात वितळपाणी साचते, ते खाली झिरपून गोठते आणि थरांची सरमिसळ करते. खड्ड्यात काचेसारख्या बर्फाचे जाड पट्टे दिसले तर ते मोजून नोंदवावेत आणि त्या बिंदूला ‘वितळबाधित’ ठरवावे.

परवानगीचा विषय थोडक्यात सांगतो, पण तो टाळता येत नाही. पर्यावरण रक्षणाचा माद्रिद करार १९९१ चा आहे आणि भारतात ‘भारतीय अंटार्क्टिक अधिनियम, २०२२’ लागू झाल्यापासून मोहिमेसाठी तसेच नमुने गोळा करण्यासाठी परवाना आवश्यक आहे. खड्ड्यांची संख्या, त्यांची जागा आणि नमुन्यांचे अंदाजे वजन अर्जातच नमूद करावे.

पायरी ४ : एका बिंदूवर अनेक खड्डे

वाऱ्याने कोरलेल्या लाटांसारख्या हिमरचनांना सास्त्रुगी म्हणतात. एका सास्त्रुगीच्या माथ्यावर गेल्या हिवाळ्याचे हिम असते, तर दोन पावलांवरच्या खळग्यात चालू उन्हाळ्याचे. कोहनेन तळाजवळ लांब चर खणून केलेल्या अभ्यासात हा स्थानिक गोंगाट, म्हणजे जागोजागचा आकस्मिक फरक, साधारण दीड मीटर अंतरापर्यंत परस्परसंबंधित असल्याचे दिसले आहे. याचा अर्थ असा की एकमेकांना खेटून घेतलेले पाच नमुने हे जवळपास एकाच नमुन्याच्या पाच प्रती असतात. म्हणून प्रत्येक बिंदूवर किमान पाच खड्डे किंवा गाभे घ्यावेत, त्यांच्यात निदान १० मीटर अंतर ठेवावे आणि त्यांची ओळ मुख्य वाऱ्याला आडवी धरावी.

संख्येचा हिशेब सोपा आहे. समजा, एका जागच्या निरनिराळ्या खड्ड्यांच्या सरासरींत दर हजारी २ इतके प्रमाण विचलन आहे. एकाच खड्ड्यावर भिस्त ठेवली तर ०.८ च्या उताराने ही अनिश्चितता अडीच अंश सेल्सिअसची होते. पाच स्वतंत्र खड्ड्यांची सरासरी घेतली तर ती दर हजारी ०.९, म्हणजे सुमारे १.१ अंशावर येते. प्रयोगशाळेतील यंत्राची अचूकता दर हजारी ०.१ असते. यंत्रावरचा खर्च वाढवून ती ०.०५ करण्यापेक्षा आणखी दोन खड्डे खणणे किती तरी स्वस्त आणि फलदायी ठरते, पण अनुदानाच्या अर्जात यंत्र उठून दिसते आणि फावडे दिसत नाही.

प्रत्यक्ष नमुना घेताना वाहन वाऱ्याच्या खालच्या बाजूला, शंभर मीटर तरी दूर उभे करावे. खड्ड्याची सावलीतली भिंत स्वच्छ तासून घ्यावी आणि वरपासून ५ सेंटिमीटरच्या टप्प्यांनी नमुने कापावेत. प्रत्येक टप्प्याची घनता ज्ञात घनफळाच्या चौकटीने किंवा नळीने मोजावी. मऊ हिमात १ मीटर लांबीची कार्बन फायबरची पातळ नळी उभी दाबून संपूर्ण स्तंभ एकदम बाहेर काढता येतो आणि तेथे वेळ वाचतो. पाचपैकी एका खड्ड्याचे टप्पे वेगळे ठेवावेत, म्हणजे उन्हाळा-हिवाळ्याचे चढउतार मोजून वर्षे ओळखता येतील. उरलेल्या चारांचे हिम खड्ड्यागणिक एकत्र करून एकेक नमुना केला तरी चालते. कमी संचयाच्या पठारावर मात्र चढउतार मोजून वर्षे ठरवण्यावर विसंबू नये, कारण तेथे काही वर्षांचे हिम वारा पूर्णपणे उडवून नेतो आणि बाष्पाच्या विसरणामुळे थरांच्या सीमाही पुसट होतात. तेथे संचयखांबांच्या (साचलेले हिम मोजण्यासाठी रोवलेल्या खांबांच्या) नोंदी किंवा गाभ्यातील ज्वालामुखीय थर यांवरून काढलेला संचयदर वापरावा.

शक्य असेल तेथे १० मीटर खोल भोकात तापमापक सोडून स्थिर तापमान नोंदवावे. तेवढ्या खोलीवर ऋतूंचा परिणाम जवळजवळ मावळलेला असतो आणि ते तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरीच्या अगदी जवळ असते. पुढे प्रारूप जुळवताना याचा मोठा आधार होतो.

पायरी ५ : वितळवणे आणि बाटल्या भरणे

समस्थानिकांसाठी नमुना गोठलेलाच राहिला पाहिजे असे नाही, पण त्यातून बाष्प निसटता कामा नये. हिम बंद पिशवीतच, खोलीच्या तापमानाला, पूर्ण वितळू द्यावे. अर्धवट वितळलेल्या नमुन्यातून पाणी ओतून घेतले तर पाणी आणि उरलेला बर्फ यांच्यातील समस्थानिक-विभाजनामुळे मूल्य बदलते. उष्णता देऊन घाई करू नये. नंतर पिशवी हलवून पाणी एकजीव करावे आणि घट्ट झाकणाच्या लहान एचडीपीई प्लॅस्टिकच्या बाटल्या काठोकाठ भराव्यात. त्या पुन्हा गोठवायच्या असतील तर मात्र प्रसरणासाठी थोडी जागा ठेवणे भाग आहे. त्याच हिमातील रासायनिक घटकही तपासायचे असतील तर नमुने उणे २० अंशांवर गोठलेलेच गोव्याला आणावे लागतात; वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अशा गाभ्यांसाठी शीतकक्ष आहेत.

पायरी ६ : मोजमाप आणि मापपट्टी

दोन पद्धती रुळलेल्या आहेत. जुन्या पद्धतीत पाण्यावर कार्बन डायऑक्साइड समतोलात आणून तो वायू वस्तुमान-वर्णपटमापकात मोजतात. नव्या पद्धतीत लेसर शोषणावर चालणारे उपकरण पाण्याच्या वाफेतील ऑक्सिजन आणि हायड्रोजन या दोन्हींचे समस्थानिक एकाच वेळी देते. लेसर उपकरणात आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात रेंगाळतो. त्यामुळे प्रत्येक नमुन्याची सहा इंजेक्शने देऊन पहिली तीन सोडून द्यावीत आणि नमुने साधारण जड मूल्यांकडून हलक्या मूल्यांकडे या क्रमाने लावावेत. अल्कोहोलसारखी सेंद्रिय अशुद्धी या उपकरणाला फसवते, हेही लक्षात ठेवावे.

मूल्ये समुद्राच्या पाण्यावर आधारित आंतरराष्ट्रीय प्रमाणकाशी तुलना करून दिली जातात. त्याचे मूल्य शून्य, तर अंटार्क्टिकाच्या हिमापासून बनवलेल्या ‘स्लॅप’ प्रमाणकाचे उणे ५५.५ धरलेले आहे. मापपट्टी या दोन टोकांनी बांधायची असल्यामुळे रोजच्या वापरासाठी प्रयोगशाळेची स्वतःची किमान दोन प्रमाणके हवीत आणि सगळे नमुने त्यांच्या दरम्यान बसले पाहिजेत. कोकण-गोव्यातील पावसाचे मूल्य शून्याच्या जवळच रेंगाळते. त्यामुळे स्थानिक पाणी वरचे टोक म्हणून उत्तम, पण खालच्या टोकासाठी पठारावरचेच हिम भरपूर आणून, वितळवून, मोहोरबंद करून ठेवावे लागते.

दुरुस्ती अशी करावी. समजा, प्रमाणकांची खरी मूल्ये उणे ५.० आणि उणे ४५.० आहेत, पण उपकरणाने उणे ४.६ आणि उणे ४४.० दाखवली. खरे अंतर ४०.० आणि दिसलेले ३९.४, म्हणून उतार १.०१५ आला. उपकरणाने उणे ३६.० दाखवलेल्या नमुन्याचे दुरुस्त मूल्य उणे ३६.९ येते. एकाच प्रमाणकावरून नुसते सरकवले असते तर उणे ३६.४ मिळाले असते, आणि दर हजारी ०.५ ची ही चूक नकाशाच्या थंड टोकाकडे वाढत गेली असती.

हायड्रोजनचे मूल्य हाती असल्यास त्यातून ऑक्सिजनच्या मूल्याची ८ पट वजा करून ड्युटेरियमचे आधिक्य काढावे. साठवणीत बाष्पीभवन झालेल्या बाटलीत हे आधिक्य शेजारच्या नमुन्यांपेक्षा ठळकपणे घटलेले दिसते. गळक्या झाकणांचा छडा लावण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

पायरी ७ : एका बिंदूचे एकच मूल्य

टप्प्यांची साधी सरासरी घेऊ नये. प्रत्येक टप्प्याला त्यातील पाण्याच्या वस्तुमानाचे वजन द्यावे. समान जाडीच्या दोन थरांपैकी एकाची घनता ३२० आणि मूल्य उणे ३८, दुसऱ्याची ४०० आणि उणे ४६ असेल, तर साधी सरासरी उणे ४२.० येते आणि भारित सरासरी उणे ४२.४. सरासरी शक्यतो पूर्ण वर्षांचीच घ्यावी. खाली अर्धाच हिवाळा सापडला असेल तर तो वगळावा. प्रत्येक बिंदूपुढे सरासरी, खड्ड्यांची संख्या, त्यांच्यातील विचलन आणि अंदाजे वर्षे हे चार आकडे असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पायरी ८ : नकाशाची प्रत्यक्ष बांधणी

सर्व स्तर ईपीएसजी ३०३१ या ध्रुवीय नकाशा-प्रक्षेपात आणावेत, अन्यथा अंतरांवर आधारलेली प्रत्येक आकडेमोड बिघडेल. क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मुक्त संगणक प्रणालीत नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने तयार केलेला ‘क्वांटार्क्टिका’ हा संच उघडला की किनाररेषा, उंची आणि हिमविभाजक रेषा एकत्र मिळतात. उंचीसाठी ‘रेमा’ हे उपग्रहीय प्रारूप वापरताना त्यातील उंची लंबवर्तुळाकार संदर्भावरून मोजलेली आहे, समुद्रसपाटीवरून नव्हे, हे विसरू नये. या दोहोंत अंटार्क्टिकात दोन आकडी मीटरांचा फरक पडतो. उंचीनुसार १०० मीटरला १ अंश तापमान उतरते असे धरले, तर ५० मीटरच्या गफलतीने दर हजारी ०.४ ची चूक होते.

नुसत्या बिंदूंवरून क्रिगिंग (शेजारच्या बिंदूंवरून मधल्या जागांची मूल्ये काढण्याची सांख्यिकी पद्धत) केल्यास वाटांमधल्या रिकाम्या जागांत नकाशा गुळगुळीत आणि खोटा दिसतो. त्याऐवजी आधी रिग्रेशन करावे, म्हणजे उंची-तापमानासारख्या घटकांवरून मूल्य सांगणारे समीकरण जुळवावे. मारिओ जोव्हिनेत्तो आणि जे झ्वॉली यांनी १९९७ मध्ये अंटार्क्टिकासाठी हाच मार्ग घेतला होता. सरासरी तापमान, उंची, अक्षांश आणि खुल्या समुद्रापर्यंतचे लघुतम अंतर हे त्यांचे चलघटक होते, आणि खुल्या समुद्राची सीमा २० टक्के सागरी बर्फाच्या आच्छादनावर धरली होती. हे घटक एकमेकांशी घट्ट जोडलेले असल्यामुळे एकेका गुणकाला भौतिक अर्थ चिकटवू नये. आपल्याला येथे भाकीत हवे आहे, कारणमीमांसा नव्हे. रिग्रेशननंतर उरलेल्या फरकांचा व्हेरिओग्राम (अंतर वाढते तसा दोन बिंदूंतील फरक कसा वाढतो हे दाखवणारा आलेख) काढावा आणि त्यांत अवकाशीय रचना दिसली तरच त्या अवशेषांचे क्रिगिंग करून ते भाकितात मिळवावे. बिंदूंना त्यांच्या अनिश्चिततेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिले की पायरी २ मधील शंकास्पद नोंदी आपोआप मागे पडतात.

पडताळणीसाठी एकेक बिंदू वगळून पाहण्याची प्रचलित पद्धत येथे भ्रामक ठरते, कारण वगळलेल्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना त्याच वाटेवरचे शेजारी शाबूत असतात. संपूर्ण वाटच बाजूला ठेवून उरलेल्या माहितीवरून तिचे भाकीत करावे. त्रुटी वाढलेली दिसेल, पण रिकाम्या प्रदेशासाठी खरी त्रुटी तीच.

पायरी ९ : सादरीकरण आणि वाचन

मुख्य नकाशाशेजारी त्याच आकाराचा अनिश्चिततेचा नकाशा द्यावा. निळ्या बर्फाचे आणि वितळबाधित प्रदेश करड्या रंगाने झाकावेत. तेथे रंगछटा भरणे म्हणजे नसलेली माहिती दाखवणे होय. रंगपट्टीचे टप्पे अनिश्चिततेपेक्षा बारीक नसावेत. अनिश्चितता दर हजारी १ असेल तर ०.५ च्या समरेषा काढण्यात अर्थ नाही.

नकाशावरून थेट तापमान वाचू नये. हिम पडल्यानंतरही पृष्ठभागावर हवेतील बाष्पाशी त्याची देवाणघेवाण चालू राहते. शिवाय हिमवृष्टी वर्षभर सारखी होत नाही. किनाऱ्याकडे ती बहुधा उबदार वादळांबरोबर येते आणि सरासरीला त्या दिवसांकडे झुकवते. ०.८ हा उतार जागेजागेतील फरकांतून आलेला आहे. त्याच जागी काळानुसार झालेल्या बदलाला तो लावताना वेगळा पुरावा हवा.

नकाशाबरोबर मूळ तक्ताही खुला करावा. जर्मनीतील ‘पँजिया’ संग्रह किंवा गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय विदा केंद्र येथे तो ठेवता येतो. त्यात अंतिम सरासरीच नव्हे, तर प्रत्येक खड्ड्याची स्वतंत्र मूल्ये, घनता, खोली, गोळा केल्याची तारीख, वापरलेली प्रमाणके आणि बाद केलेल्या नमुन्यांची कारणांसह यादी असावी, म्हणजे पुढच्या संशोधकाला ‘पृष्ठभाग’ म्हणून पाचऐवजी दहा वर्षे धरायची असतील तर याच आकड्यांतून तो नव्याने नकाशा बांधू शकेल.